पुढचा शब्द

"काय आजोबा, करायचं ना मग ऑपरेशन?"

हृदयाच्या डॉक्टरांनी विचारलं आणि लगेच खाटेच्या पायथ्याशी अडकवलेला तक्ता उचलून ते वाचू लागले. प्रश्न टाकल्यावर उत्तर येईपर्यंत हाताला काहीतरी काम असलेलं बरं, असा त्यांचा हिशेब असावा. खाटेवर उशांना टेकून बसलेल्या बाबांनी ओठ उघडले, समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि ओठ तसेच उघडे राहिले.

"हो, करायचं," मुलगा म्हणाला.

"नाही करायचं," मुलगी म्हणाली.

दोघं एकाच क्षणी बोलली, इतकी एकदम की तालीम करूनही जमलं नसतं. सिस्टर हसू लपवायला सलाईनच्या बाटलीकडे वळल्या.

"तुमची मुलं फार तत्पर आहेत, आजोबा," डॉक्टर म्हणाले. "पण माझ्या कागदावर उत्तराला जागा एकच आहे." मग ते दोघांकडे वळले. "हे बघा, परवा सकाळची वेळ मी यांच्यासाठी धरून ठेवलीय. आज संध्याकाळी वॉर्डाच्या मोठ्या बाई आणि मी बसतोय, तेव्हा तुम्हीही या आणि काय ते एक सांगा. नाहीतर ती वेळ पुढच्या पेशंटला द्यावी लागेल. रांग मोठी आहे."

ते पुढच्या खाटेकडे गेले. बाबांचे ओठ मिटले. ते मिटले हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुखणं साधं सांगायचं तर असं होतं : हृदयातली एक झडप जुन्या दारासारखी कडक झाली होती. उघडायची ती बोटभर फट पडावी एवढीच. खाटेपासून मोरीपर्यंत जाऊन आले की बाबांना डोंगर चढून आल्यासारखी धाप लागायची. मांडीच्या शिरेतून नळी घालून नवी झडप बसवता येते, असं हृदयाच्या डॉक्टरांचं म्हणणं. बसवता येते हे खरं, पण चौऱ्याऐंशीव्या वर्षी, किडनी अशी थकलेली असताना बसवावी का, असं वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं. आणि बाबांचं म्हणणं? तिथं तर खरी गोम होती.

या घराची एक सवय होती. घरातल्या कुणीही सुरू केलेलं वाक्य स्वतः पुरं करायचं नाही. त्याची वेळच यायची नाही.

"जरा ते—"

"मीठ. घ्या."

"आज कामावर तो—"

"भांडला?"

"नाही, पण उद्या—"

"भांडणार. दिसतंच आहे त्याच्याकडे बघून."

सवय बाबांच्या धंद्यातून आली होती. बाबा नाटक कंपनीत प्रॉम्प्टर. सारा जन्म विंगेत, छोट्या दिव्याखाली, मांडीवर नाटकाची वही घेऊन गेला. समोरचा नट अडला की त्याला पुढचा शब्द पुरवायचा. तोही असा, की नटाला ऐकू यावा आणि पहिल्या रांगेला येऊ नये. कंपनीत त्यांना सगळे 'कुजबुज' म्हणत. टाळ्या पडत त्या बोलणाऱ्याच्या नावावर जमा होत. पुरवणाऱ्याच्या नावावर काही चढल्याची नोंद नाही. आणि बाबांची त्याबद्दल तक्रार असल्याचीही नाही. पण घरच्यांनी हा धंदा पाहून पाहून उचलला, तोही अर्धाच. शब्द पुरवायचा हे सगळे शिकले. केव्हा पुरवायचा हे शिकायचं राहून गेलं.

मुलीला मागणी घालायला आलेला गृहस्थ "तुमची मुलगी मला—" एवढंच बोलला. बाकीचं वाक्य आईनं आणि दादानं मिळून पुरं केलं आणि तारीखही ठरवून टाकली. तो जावई अजून सांगतो, "अहो, मी सांगायला आलो होतो की तुमची मुलगी मला गाडी शिकवताना फार ओरडते."

मुलगी गाडी शिकवायचीच. तिच्या गाडीत शिकणाऱ्यापुढे जसा ब्रेक तसाच तिच्या पायाखालीही एक. इतकी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसल्यामुळे तिचा उजवा पाय कुठंही स्वस्थ राहायचा नाही. नाटकाला गेली तरी खलनायक जोरात आला की पाय फरशीवर दाबायची. दादा लिफ्टचा मेकॅनिक. जगात बिघडलेलं आणि दुरुस्त न झालेलं असं काही असू शकतं, हे त्याला मान्यच नव्हतं. ते पुरतं उघडून बघितलं नसेल, एवढंच.

डॉक्टर गेले तशी दोघं बाहेर येऊन लिफ्टपाशी उभी राहिली. भांडण वॉर्डात करायचं नाही, एवढा शहाणपणा अजून शिल्लक होता.

"तू ब्रेकच मारत जा," दादा म्हणाला. "दुसऱ्याच्या गाडीत बसून ब्रेक मारायची सवय लागलीय तुला."

"आणि तुला स्क्रू फिरवायची. बाबा लिफ्ट नाहीत, दादा."

"लिफ्ट असते तर आतापर्यंत चालू केली असती. ही इथली ऐकतेयस का? दोर नुसता कण्हतोय. पेशंट वर पोचायच्या आधीच—"

"वर पोचेल. माहितीय. विषय बदलू नकोस. मोठ्या बाई काय म्हणाल्या ऐकलंस ना? झडप बसवताना ते औषध टोचतात ते किडनीला झेपलं नाही, तर डायलिसिस. नाहीतर डोक्यात गुठळी जाऊन अंग लुळं."

"त्या बाई ज्याला त्याला घरीच पाठवायला बघतात."

"आणि तुझा हृदयवाला ज्याला त्याला टेबलावर घ्यायला."

"माझा म्हणजे? मी काय त्याला भाड्यानं—"

"आणलास असं म्हटलं का मी?"

मग दादानं लिफ्टचं बटण उगाच दाबलं. कारण पुढचं वाक्य आईबद्दलचं होतं, आणि ते पुरं करायची हिंमत दोघांतही नव्हती.

आई याच इमारतीत गेली. फुप्फुसं निकामी होत चालली होती. दादा कामासाठी दूरच्या गावी होता, फोनवर त्यानं सांगितलं, "जे जे करता येईल ते सगळं करा." सगळं केलं गेलं. घशात नळी घातली. ती उपसून काढू नये म्हणून आईचे हात मऊ पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधले. मुलगी रोज जाऊन त्या हातांशेजारी बसायची. दादा पोचला तेव्हा हात सोडलेले होते, कारण आता पट्टीची गरज नव्हती. एकाच दुखण्यातून दोघांनी एकेक धडा घेतला आणि दोन्ही धडे एकमेकांच्या उलट निघाले. तिचा धडा : पुन्हा कुणाचे हात बांधू द्यायचे नाहीत. त्याचा धडा : पुन्हा उशीर करायचा नाही.

आणि बाबा? त्या वेळी डॉक्टरांनी बाबांनाही विचारलं होतं. बाबांनी ओठ उघडले होते. तेवढ्यात फोनवरून दादा बोलला होता, मग ती बोलली होती, मग डॉक्टर "ठीक आहे" म्हणाले होते.

दुपारी दादा काहीतरी खायला खाली गेला तेव्हा मुलीनं सूपचा वाडगा घेतला आणि स्टूल खाटेजवळ ओढलं. दोन-चार चमचे गेल्यावर तिनं विचारलं,

"बाबा, आईच्या वेळी डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, आठवतं? तुम्ही काहीतरी बोलणार होतात."

बाबांनी हातानं चमचा बाजूला सारला. समोर पाहिलं. ओठ उघडले.

बाहेरून जेवणाची गाडी खडखडत गेली. शेजारच्या खाटेवरचे आजोबा शिंकले, मग स्वतःलाच "शतायुषी भव" म्हणाले. मुलीचा उजवा पाय स्टुलाखाली फरशी दाबायला लागला. एखाद्यानं वळणावर गाडी आणून मधेच उभी करावी आणि मागून हॉर्न वाजत असावेत, तसं तिला झालं. मागं कुणी नव्हतं, हॉर्न नव्हता, पण धीर सुटला.

"नको म्हणणार होतात ना? नळ्याबिळ्या नको, असंच ना?"

बाबांचे ओठ मिटले. चुकीचं वाक्य ठोकून दिलेल्या नव्या नटाकडे बघावं तसं, न रागावता, त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले.

वाडगा तसाच ठेवून ती जिना उतरून खाली गेली. दादा चहात पाव बुडवत होता.

"बाबा स्वतः बोलले. त्यांना नकोय."

"काहीतरीच. सकाळी दाढी करून देत होतो तेव्हा मला स्पष्ट 'हो' म्हणाले."

"काय विचारलंस?"

"विचारलं, बाबा, बरं व्हायचंय ना तुम्हाला?"

"हे काय विचारणं झालं? यावर 'नाही' कोण म्हणेल?"

"मग तू काय विचारलंस?"

पाव चहात तुटून बुडाला. दोघांच्या पदरी एकेक 'हो' होता, दोन्ही अस्सल, आणि दोन्हींवर बाबांपेक्षा विचारणाऱ्याच्याच बोटांचे ठसे जास्त. चहा पिणारी माणसं आजूबाजूला बसली होती, म्हणून दादानं नुसता कप बशीत आपटला.

भेटायच्या वेळेला जिन्यातूनच आवाज आला.

"कुजबुज्या! कुठल्या खाटेवर आहेस रे?"

महाराज आले होते. खरे कुठले महाराज, कंपनीतले नट. पण उभ्या हयातीत राजाशिवाय दुसरी भूमिका केली नाही, म्हणून नाव पडलं ते पडलंच. आता पाठ वाकली होती, हातात काठी होती, आणि एका कानात यंत्र होतं, तरी आवाज अजून शेवटच्या रांगेसाठी राखलेला.

"तू मधोमध आणि मी विंगेत? पात्रवाटपात चूक झालीय," त्यांनी खाटेच्या कठड्यावर काठी टांगली.

"आजोबा, जरा हळू बोला," सिस्टर म्हणाल्या.

"हळू बोलायचं खातं याच्याकडे आहे, बाई."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी हात पुढे केला आणि महाराजांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला. मुलीनं स्टूल दिलं. बसल्या बसल्या महाराजांनी आपली गुडघ्यांची, सुनेची आणि कानातल्या यंत्राची हकीकत सांगून टाकली. मग त्यांनी विचारलं, "आणि याचं काय ठरलं?"

"तेच तर ठरत नाही, काका," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "बाबांना काही विचारलं की उत्तरच येत नाही. मधेच हरवतात."

"कोण, हा? हरवतो?" महाराज मोठ्यानं हसले. "पाय बघितलेस का त्याचे?"

"पाय?"

"अगं, माणूस अडला की त्याचे पाय सांगतात. तोंडावर आम्ही काहीही आणू, नटच आम्ही. पण शब्द हरवला की पाय चुळबुळतात, अंगठा आत वळतो, टाच उचलते. हा विंगेत बसून माझ्या तोंडाकडे कधी बघायचाच नाही. पायांकडे बघायचा. पाय स्थिर तर मी मुद्दाम थांबलोय. पाय हलले की टाकला शब्द."

मुलीनं पांघरुणाकडे पाहिलं. त्याखाली बाबांचे दोन पाय मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखे निवांत पडले होते.

"चुळबूळ तुझे करतायत, पोरी," महाराज म्हणाले.

तिनं उजवा पाय मागं घेतला.

"याची एक गंमत सांगतो," महाराज बोलत सुटले. "राज्याभिषेकाचा प्रवेश. मुकुट डोक्यावर आलाय, दरबार भरलाय, आणि मी थांबलो. थांबलो तो थांबलोच. विंगेत सगळ्यांचे हात हवेत, 'दे रे, शब्द दे त्याला!' मॅनेजर पडदा पाडायला निघाला. आणि हा वहीवर पालथा हात ठेवून बसलेला, ढिम्म! शेवटी मी बोललो. असा प्रयोग पुन्हा झाला नाही. लोक म्हणाले, काय ती शांतता! काय तो अभिनय!" त्यांनी आवाज उतरवला, म्हणजे आता फक्त अर्ध्या वॉर्डाला ऐकू गेला. "आता आपल्यात सांगतो. अभिनय कसला, डोंबलाचा. मी साफ विसरलो होतो. पाय लटपटत होते माझे. यानं मला वाऱ्यावर सोडला!"

बाबांचे खांदे हलले. हसत होते ते. मग दम गोळा करत म्हणाले,

"माहीत... होतं."

महाराजांचं तोंड उघडं राहिलं. "माहीत होतं? आणि तरी शब्द दिला नाहीस? लेका, का?"

बाबांनी समोर पाहिलं. मुलीच्या जिभेवर तीन उत्तरं तयार होती. महाराजांनी, तिच्याकडे न बघताच, कठड्यावरची काठी काढून तिची मूठ हळूच मुलीच्या गुडघ्यावर ठेवली. खिडकीतलं ऊन सरकून सिस्टरच्या टेबलावर गेलं.

"तुझं... वाक्य... येत... होतं," बाबा म्हणाले.

संध्याकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत चाकाच्या खुर्चीसाठी जागा करायला टेबल भिंतीला सरकवावं लागलं. बाबा मधे, दोन्ही बाजूंना दोघं मुलं, समोर दोघं डॉक्टर. दादानं सकाळीच नवे बूट घातले होते. महत्त्वाच्या बोलण्याला तो नेहमी चांगले बूट घालतो.

सुरुवात डॉक्टरांनी एकमेकांशीच केली.

"वय हा काही आजार नाही," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "साठीच्या माणसाला जे देतो ते यांना का द्यायचं नाही? झडप तीच, त्रास तोच."

"किडनी ती नाही," बाई म्हणाल्या. "मी वय मोजत नाही, डॉक्टर, अंगात किती उरलंय ते बघते. करता येतं म्हणून करायचं, याला मी उपचार म्हणत नाही."

"आणि वय झालं म्हणून सोडून द्यायचं, याला काय म्हणता?"

"सोडून देतंय कोण? छातीत पाणी साठलं की औषधानं काढू. घरी आपल्या खाटेवर राहतील."

"आणि त्या खाटेवरून उठतील का?"

"तुमच्या टेबलावरून उठतील का, ते सांगा आधी."

"बहुतेक. नक्की म्हणणार नाही."

मुलगी एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. इतके दिवस तिला वाटत होतं, या दोघांपैकी एक चुकतो आहे आणि तो कोण हे एकदा कळलं की सुटलो. दोघंही बरोबर बोलत होते. रस्त्यावर अशा वेळी जास्त अपघात होतात, हे ती शिकणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगायची.

मोठ्या बाईंनी खुर्ची बाबांसमोर ओढली, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर आल्या, आणि सगळं नीट, मोठ्यानं, सोप्या शब्दांत सांगितलं. केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल, करताना काय बिघडू शकतं. मग म्हणाल्या, "आता तुम्ही सांगा. तुम्हाला काय हवंय?"

बाबांनी ओठ उघडले. समोर पाहिलं.

हृदयाच्या डॉक्टरांनी मनगटाकडे बघितलं. बाईंच्या टेबलावरचा फोन वाजला आणि आपोआप थांबला. मुलीनं खाली पाहिलं. चाकाच्या खुर्चीच्या पट्टीवर बाबांचे पाय होते, कापडी चपलांतले, जोडीनं ठेवलेले, स्थिर. त्यांच्यापलीकडे दादाचे नवे बूट होते, आणि त्यातल्या एकाचं टोक उचललं जात होतं. दादानं श्वास घेतला. त्याची जीभ टाळूला लागल्याचा आवाजही तिनं ओळखला; त्या घरात वाढली होती ती.

तिचा उजवा पाय खुर्चीच्या पुढून गेला आणि त्या बुटावर पडला. पूर्ण वजनानं. समोर अचानक मूल आल्यावर पडतो तसा.

"आ—" एवढंच दादाच्या तोंडून निघालं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली नाही, काही नाही, नुसता पाय काढला नाही. आणि मग तिची स्वतःची जीभ वळवळायला लागली. 'नको म्हणतायत ते, बाई. थकलेत ते. आईचं बघितलंय त्यांनी.' सगळं वाक्य, कर्त्यापासून क्रियापदापर्यंत, दातांमागे येऊन उभं राहिलं. स्वतःच्या जिभेवर मारायला तिच्यापाशी तिसरा ब्रेक नव्हता. तिनं खालचा ओठ दातांत धरला.

"करा," बाबा म्हणाले.

कुणी हललं नाही. कारण ओठ अजून उघडे होते.

"पण... बिघडलं... तर... तिथंच... थांबा. घशात... नळी... नको." मधे त्यांनी दम घेतला. "हात... बांधायचे... नाहीत. हिचे... बांधले... होते. मी... सांगणार... होतो."

मुलीनं पाय काढून घेतला. दादा आता जमिनीकडे बघत होता.

मोठ्या बाईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग त्यांनी विचारलं, "एक विचारू? धोका एवढा असताना करा का म्हणता?"

बाबांच्या डोळ्यांत काहीतरी लुकलुकलं. विंगेतल्या अंधारात ते कुणी कधी पाहिलं नसेल.

"दम... मधेच... संपतो," ते म्हणाले. "आणि वाक्य... पुरं... हे दोघं... करतात."

आधी हृदयाचे डॉक्टर हसले, मग बाई, मग शेवटी दादा. दादा हसता हसता खाली वाकला आणि बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. आपलं म्हणणं जिंकलं की माणसाला आनंद व्हायला हवा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. इतका वेळ त्याला बिनधास्त 'करा' म्हणता येत होतं, कारण ब्रेक मारायला ती होती.

"लिहून घेते," बाई म्हणाल्या. "तुम्ही म्हणालात तसंच. 'करा' आणि 'थांबा', दोन्ही."

परवाची सकाळ आली. बाबांना हिरवा झगा घातला होता, दातांची कवळी काढून डबीत ठेवली होती, आणि ती डबी मुलीच्या हातात होती. ट्रॉली ढकलणारे मामा धिप्पाड आणि घाईतले होते. अजून तीन पेशंट आणायचे होते त्यांना. लिफ्टमध्ये दादा एक शब्द बोलला नाही. दोर कण्हत होता, त्यावरही नाही.

ऑपरेशनच्या दारापाशी मामांनी भिंतीवरचं बटण दाबलं. दोन्ही दारं आपोआप सरकून उघडली. आतून थंड हवा आली.

"चला आजोबा, सगळे तयार आहेत."

बाबांनी मान मुलीकडे वळवली. ओठ उघडले.

"चला, चला—"

"थांबा, मामा," ती म्हणाली. "बोलतायत ते."

मामा थांबले. त्यांनी दादाकडे पाहिलं, की हे काय. दादानं हात वर केला, 'थांबा' असा. दार उघडंच होतं, आत कुणीतरी भांडी आपटल्यासारखा आवाज केला. मुलीच्या मनात शब्दांची गर्दी झाली : काळजी घ्या म्हणतील, सांभाळून राहा म्हणतील, भांडू नका म्हणतील, आईचं नाव घेतील. एकही तिनं बाहेर येऊ दिला नाही.

"दादाचा... बूट," बाबा म्हणाले. कवळी नसल्यामुळे शब्द मऊ आले. "बघ... जरा. फार... जोरात... दाबलास."

तिला हसू आलं आणि हसू आलं म्हणून डोळे भरले. त्या संध्याकाळी बाईंच्या खोलीत ते समोर बघत होते. सगळे म्हणाले असते, भिंतीकडे बघतायत. पण खोलीतले सगळे पाय त्यांनी बघून ठेवले होते. सवयच ती.

बाबांनी पुन्हा ओठ उघडले. आता छतावरच्या दिव्याकडे पाहिलं. अजून काहीतरी होतं. पण दाराचा नेम ठरलेला असतो, ते कुणाच्या बोलण्यासाठी थांबत नाही. दारं मिटायला लागली तशी मामांनी ट्रॉली आत लोटली. फटीतून शेवटी दिसले ते चादरीखालचे पाय. हलत नव्हते.

बाहेर लाकडी बाक होतं. दोघं त्यावर बसली. कवळीची डबी तिनं मांडीवर ठेवली, मग दोन्ही हातांत धरली. बराच वेळ गेला. एक नर्स आत गेली, एक बाहेर आली, कुणीच या दोघांकडे पाहिलं नाही.

"बाबा जर—" दादा म्हणाला.

तिनं वाक्य पुरं केलं नाही.

त्यानंही नाही केलं. बाकाखाली त्याच्या उजव्या बुटाच्या टोकावर तिच्या टाचेचा चरा तसाच होता. त्यानं तो पुसला नव्हता. त्याच्या शेजारी तिचा पाय होता. दोन्ही पाय फरशीवर, एकमेकांना लागून, न हलता. दोघं समोरच्या दाराकडे बघत राहिली.